विंडसरच्या छपरावरचा डाग

कापसाचा बोळा नारिंगी झाला, तेव्हा कळलं की आपण काहीतरी भलतंच करून बसलोय.

झालं असं, की घरात दिवाळीची साफसफाई सुरू होती. माळ्यावर चढायचं काम दरवर्षी माझ्याच वाट्याला येतं. कारण ठरलेलं : 'इंटर्नशिपच करतेस ना, मग वेळ असेल तुला!' तर जुन्या पितळी डब्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक खेळणं सापडलं. पत्र्याची छोटीशी रेल्वे केबिन. भिंतींवर विटा छापलेल्या, खिडक्या, जिना आणि वर इंग्रजीत नाव, 'विंडसर'. छप्पर नारिंगी. आणि त्या छपराच्या बरोबर मधोमध, जुन्या रुपयापेक्षा मोठा, तपकिरी-काळा डाग.

माझ्या डोक्यात लगेच रील तयार झालं. आधी आणि नंतर. जुनं, मळकं खेळणं आणि मग एकदम चकाचक! बाबांच्या कपाटातून थिनर काढलं, कापसावर घेतलं आणि डागावर घासायला लागले. दहा सेकंदांत डाग निघायला लागला. पण त्याच्याबरोबर छप्परही निघायला लागलं. नारिंगी रंगाखालचा चकचकीत पत्रा दिसला आणि मी थांबले. तोवर अर्धा डाग आणि त्याच्या आजूबाजूचा रंग कापसावर आला होता.

आजोबा आत झोपले होते. मी केबिन तशीच शेल्फवर ठेवली, खरवडलेली बाजू भिंतीकडे करून. आणि ते उठायच्या आत हे दुरुस्त कसं करायचं, ते शोधायला बसले. दुरुस्त झालं नाही. पण तीन आठवडे मी जे वाचत बसले, ते तुम्हाला सांगायलाच हवं. कारण तुमच्याही माळ्यावर काही ना काही असणार आहे.

गाडीपेक्षा गाव मोठं

ही केबिन लिव्हरपूलची. फ्रँक हॉर्नबी नावाच्या माणसाने १९०१ मध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळाचं पेटंट घेतलं. तोच पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेला. १९२० मध्ये त्याच्या कंपनीने हॉर्नबी ट्रेन बाजारात आणली. नुसती गाडी गोल गोल फिरवून पोरं किती दिवस खेळणार? मग गाडीभोवतीचं सगळं जग आलं. स्टेशनं, सिग्नल, फाटकं, बोगदे, दिव्याचे खांब, हमाल, प्रवासी. यांना मॉडेल रेल्वेवाले 'अ‍ॅक्सेसरीज' म्हणतात. माझ्या हातातली केबिन त्यांतलीच. तिचं छप्पर आणि मागची बाजू उघडते, कारण आत सांधे आणि सिग्नल ओढायच्या छोट्या लिव्हर बसवायची सोय होती.

ही युक्ती एकट्या हॉर्नबीची नाही. जर्मनीतल्या म्यार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांची रेल्वे मांडली. एकदा गाडी घेतली, की मग दर वाढदिवसाला तिच्या जोडीला काहीतरी घेत राहायचं. अमेरिकेत जोशुआ लायोनेल कोवेनने १९०० मध्ये न्यूयॉर्कला लायोनेल कंपनी काढली. तिचा १९३५ मधला फाटकवाला फेमस आहे. गाडी जवळ आली, की खोपटाचं दार उघडून तो कंदील घेऊन बाहेर येतो आणि गाडी गेली की पुन्हा आत जातो. आणि हे ऐकून तर मी चाटच पडले : ज्या डिंकी गाड्या जमवायला लोक आज वेडे होतात, त्यांचा जन्मही रेल्वेच्या शेजारीच झाला. हॉर्नबीच्या रुळांशेजारी ठेवायला केलेल्या छोट्या माणसांतून आणि गाड्यांतून डिंकी टॉइज उभं राहिलं.

आपल्याकडे हे जग बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जा. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून तिथे आहे. सिग्नल, दिव्याचे खांब, रोप-वे यांच्यासकट अख्खं गाव तिथे टेबलावर चालतं. मी या निमित्ताने पुन्हा गेले. शाळेच्या सहलीत फक्त गाडी बघितली होती. या वेळी गाडी सोडून बाकी सगळं बघितलं.

रंग बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

मी डाग म्हणजे घाण समजले. सगळ्यांची पहिली चूक हीच. घाण रंगाच्या वर बसते, डाग मात्र बरेचदा रंगाच्या आत असतो. म्हणजे रंगच बदललेला असतो. आणि तो बदलण्याची कारणं वेगवेगळी असतात.

पहिलं कारण उजेड. जुन्या एसटी स्टँडवर निळी पडलेली पोस्टरं बघितली असतील. त्यांतला लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा मागे उरतो. खेळण्यांचंही तेच. प्रत्येक रंगद्रव्याची उजेड सोसायची ताकद वेगळी. ती मोजायला आठ निळ्या लोकरी पट्ट्यांचं एक प्रमाण वापरतात. पहिली पट्टी सगळ्यात लवकर फिकी पडते आणि पुढची प्रत्येक साधारण दुप्पट वेळ टिकते. म्युझियममध्ये नाजूक वस्तूंवर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात, म्हणून तिथे इतका अंधार असतो. भर उन्हात हा आकडा एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे खिडकीतल्या शोकेसमध्ये ठेवलेलं खेळणं रोज थोडं थोडं जातंय. वाईट भाग असा, की हे नुकसान साठत जातं आणि परत फिरवता येत नाही. उजेडाने उडालाय का, हे ओळखायचं सोपं आहे. वस्तू उलटी करा. बुडाशी किंवा स्टिकरखाली रंग गडद असेल, तर गुन्हेगार उजेड.

दुसरं, हवा आणि धूर. जुन्या पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा असायचा. हवेत गंधकाचा वायू असेल, तर त्याचं काळं संयुग बनतं आणि पांढरा रंग काळवंडतो. जुन्या जलरंगातल्या चित्रांचा हा ओळखीचा आजार आहे. घरात सिगारेट ओढणारं कुणी असेल, तर सगळ्यावर पिवळट-तपकिरी थर चढतो तो वेगळाच. आणि कोकणातली किंवा मुंबईची दमट हवा असेल, तर पत्र्याला रंगाच्या खालून गंज लागतो. आधी बारीक फोड येतात, मग पोपडे निघतात.

तिसरं कारण सगळ्यात डेंजर, कारण ते बाहेरून येतच नाही. जुन्या काळी बरेच भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतून करायचे. त्या जस्तात शिशाचे अंश राहिले, तर काही वर्षांनी धातूच आतून कुजायला लागतो. फुगतो, तडकतो, वरचा रंग सोलून निघतो आणि शेवटी हातात भुगा येतो. याला 'झिंक पेस्ट' म्हणतात. यावर उपाय म्हणून १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्ताचा नवा मिश्रधातू आणला, झमॅक. झिंक, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कुपफर म्हणजे तांबं, या जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव. पण कारखान्यात एखाद्या दिवशी चुकून शिशाचा तुकडा वितळत्या जस्तात पडला, की त्या दिवसाचा सगळा माल बिघडला. म्हणून त्या काळातली एक गाडी आजही ठणठणीत असते आणि तिची जुळी बहीण भुगा झालेली असते. हा रोग एका खेळण्यातून दुसऱ्यात पसरत नाही, तेवढा एक दिलासा.

चौथं कारण आपण स्वतः. रबरबँड लावून ठेवलं, पीव्हीसीच्या पिशवीत घातलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि रंगाला किंवा प्लॅस्टिकला चिकटून त्यावर डाग पाडतं. रबरात गंधक असतं. वर्तमानपत्राची शाई लागते आणि कागदही काळाबरोबर आम्लधर्मी होत जातो. (वर्तमानपत्रात काम करताना हे लिहायला जरा जीवावर आलं. पण खरं आहे.)

आणि पाचवं, उष्णता. इथे मी वाचता वाचता थांबले.

आतली काजळी

लायोनेलच्या अनेक अ‍ॅक्सेसरीजमध्ये छोटे बल्ब असायचे. तासन्‌तास चालले, की बल्बच्या बरोबर वरचा रंग करपायचा आणि प्लॅस्टिकचं छप्पर असेल तर ते वाकायचं. रंगाला धरून ठेवणारं तेल किंवा राळ तापली, की तपकिरी होते. फोडणीच्या कढईच्या कडेला जो घट्ट तपकिरी थर बसतो ना, त्याच जातीचं प्रकरण. तो घासून निघत नाही, कारण ती घाण नाही. ते जळून बदललेलं तेल आहे.

मी उठून केबिन घेतली आणि छप्पर उघडलं. आतल्या बाजूला, डागाच्या बरोबर खाली, काळी काजळी होती. बोटाला लागली. पण या केबिनमध्ये बल्ब कुठेच नव्हता. वायरसुद्धा नव्हती.

आता आजोबांना विचारल्याशिवाय इलाज नव्हता. विचारायचं तर छपराची ती बाजूही दाखवावी लागणार होती.

"आजोबा, हे माझ्याकडून झालंय," असं म्हणून मी केबिन त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ छप्पर बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडणार.

"काय लावलंस? थिनर?"

"हो. मला वाटलं, घाण आहे."

"अगं, घाण नव्हे ती. ताईची मेणबत्ती होती."

मग गोष्ट बाहेर आली. १९४७. पुणे कॅम्पातला एक गोरा साहेब सामान विकून निघाला होता. पणजोबा त्या लिलावात खुर्च्या घ्यायला गेले आणि खुर्च्यांचा भाव ऐकून ही केबिन घेऊन आले. गाडी दुसऱ्याच कुणी उचलली होती. म्हणजे आमच्या घरात केबिन होती, पण ट्रेन कधीच नव्हती. सात वर्षांचे आजोबा काडेपेट्या दोऱ्यात ओवून त्यांची गाडी करायचे. त्या दिवाळीत त्यांच्या मोठ्या बहिणीने केबिनच्या आत मेणबत्तीचा तुकडा लावला, खिडक्यांतून उजेड दिसावा म्हणून. दिसला. दोघं पोटावर झोपून बघत राहिली. छपरातून धूर यायला लागल्यावर दोघांनाही मार पडला.

"ताई पुढच्या पावसाळ्यात टायफॉइडने गेली," आजोबा म्हणाले. "तिचा फोटो नाही आपल्याकडे. तेव्हा कुठे काढायचे फोटो?"

मी काहीच बोलले नाही. आजोबांनी उरलेल्या अर्ध्या डागावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "राहिलाय की थोडा."

रंगवू का?

मला ते भरून काढायचं होतं. खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन नारिंगी इनॅमलची छोटी डबीसुद्धा आणली. यूट्यूबवर रंग जुळवायचे व्हिडिओ बघितले. मग रंगवलं का नाही?

पहिली गोष्ट, संग्राहक मूळ रंगाला जपतात. फिका असो, पोपडे निघालेला असो, कारखान्यात लागलेला रंग एकदाच लागतो. नव्याने रंगवलेल्या वस्तूचा भाव सहसा कमीच होतो. आणि रंगवून फसवणारेही कमी नाहीत. लायोनेलने १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची गाडी काढली होती. मुलींनी ती काही घेतली नाही (गुलाबी दिलं की मुली खूश, हा समज तेव्हाही होता तर!). कमी खपली म्हणून आज दुर्मीळ झाली आणि दुर्मीळ झाली म्हणून साध्या इंजिनांना गुलाबी रंग फासून विकणारे आले. असा नवा रंग ओळखायला जाणकार अल्ट्राव्हायोलेट टॉर्च वापरतात. त्या उजेडात जुना आणि नवा रंग बरेचदा वेगवेगळे चमकतात.

पण आम्हाला केबिन विकायचीच नव्हती. तेव्हा खरं कारण दुसरं होतं. जुन्या वस्तू जपणाऱ्यांचा एक नियम आहे : जे कराल ते उद्या कुणाला काढून टाकता आलं पाहिजे आणि जे कराल त्याची नोंद ठेवली पाहिजे. माझं थिनर या नियमाच्या पूर्ण उलटं होतं. त्यावर इनॅमल फासणं म्हणजे एक चूक झाकायला दुसरी. शिवाय नवा नारिंगी लावायचा तर तो कुठे थांबवायचा? डागाच्या कडेला? म्हणजे मी ताईच्या मेणबत्तीच्या कडेने ब्रश फिरवणार आणि वर म्हणणार, की दुरुस्त केलं.

डबी अजून बंदच आहे.

तुमच्या माळ्यावर काही सापडलं तर

माझ्यासारखं करू नका, एवढं सांगून भागणार नाही. म्हणून मी जे शिकले ते थोडक्यात देते.

आधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी आणि आतूनही. मग मऊ ब्रशने फक्त धूळ झाडा. एवढ्यानेच निम्मं काम होतं. त्यापुढे जायचंच असेल, तर कापसाची काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओली करून बुडाशी, न दिसणाऱ्या जागी फिरवून बघा. काडीला वस्तूचा रंग लागला, की तिथेच थांबा. पत्र्यावर पाणी राहू देऊ नका. या पत्र्याला आपल्या भांड्यांसारखी कल्हईच असते, लोखंडावर कथिलाचा पातळ थर. तो जिथे खरवडला जातो तिथे गंज लागतो.

थिनर, स्पिरिट, काचा पुसायचे अमोनियावाले स्प्रे, टूथपेस्ट, व्हिनेगर, सँडपेपर, सगळं लांब. बिस्किटाच्या जुन्या डब्यावर असतं तसं छापलेलं चित्र असेल तर जास्तच जपा. शाईचा आणि त्यावरच्या वॉर्निशचा थर इतका पातळ असतो, की एकदा गेला तर गेला.

पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचा जुगाड जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनी लोकप्रिय केला आहे. त्याने पिवळेपणा उतरतो, पण काही काळाने परत येऊ शकतो आणि रंगवलेल्या किंवा स्टिकर लावलेल्या वस्तूवर त्याचा भलताच परिणाम होऊ शकतो. आजोबांच्या वस्तूवर प्रयोग नको.

आणखी एक. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. पिवळ्या-नारिंगी रंगांत तर लेड क्रोमेट सर्रास वापरलं जायचं. त्यामुळे पोपडे निघणारं खेळणं लहान मुलांच्या हातात देऊ नका, घासून धूळ उडवू नका आणि हाताळल्यावर हात धुवा. मी हे सगळं नंतर वाचलं, तेव्हा आधी बेसिनकडे पळाले.

ठेवताना वर्तमानपत्र नको, पीव्हीसी पिशवी नको, रबरबँड नको. आम्लमुक्त कागदात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि उन्हापासून, स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. शिशाची माणसं असतील तर लाकडी, विशेषतः ओकच्या कपाटात नकोत. लाकडातून येणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते.

आमच्या केबिनच्या उघड्या पत्र्यावर मी फक्त मेण लावलं. म्युझियमवाले वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेल्या प्रकारचं. नखाएवढं पुरतं. गंज थांबेल आणि उद्या कुणाला काढायचं असेल तर निघेलही. मेणबत्तीच्या डागाशेजारी पुन्हा मेणच लागलं, हे आजोबांनीच लक्षात आणून दिलं आणि स्वतःच हसले.

मग नोंद. आम्लमुक्त कागदाच्या छोट्या चिठ्ठीवर मी तारीख घातली आणि लिहिलं : 'छपरावरचा रंग माझ्याकडून थिनरने गेला. डाग समजून पुसत होते. उघड्या पत्र्यावर मेण लावलं आहे.' खाली सही केली. आजोबांना वाचून दाखवलं.

"अर्धंच लिहिलंयस," ते म्हणाले. "डाग कसला होता ते कोण लिहिणार?"

म्हणून खाली दुसरी ओळ आली. १९४७ ची दिवाळी, मेणबत्तीचा तुकडा आणि आजोबांच्या ताईचं पूर्ण नाव. ते आमच्या घरात बहुधा पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं गेलं. इथे छापत नाही. ते केबिनच्या आत ठेवलंय, छपराखाली, काजळीपासून थोडं लांब.